जुनबोडीचा अमेरिकन

१

जुनबोडीत एक अमेरिकन सापडला आणि दामिनीचा सगळा दिवस नासला.

आता जुनबोडी म्हणजे काय, तर गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या बाजूनं आत वळलं की बांध्या, म्हणजे धानाची शेतं, बांध्यांच्या वर मोठा तलाव, आणि कोंबडीनं पिल्लं पंखाखाली घ्यावीत तशी तलावाच्या पाळीखाली, त्या मातीच्या बांधाखाली, दाटून बसलेली घरं. इथला माणूस एकदा नागपूरला जाऊन आला तर पुढची दिवाळी येईपर्यंत तेच सांगत बसतो. अशा गावात अमेरिकन कुठून यावा?

पण तक्रार आली होती. बँकेच्या गोंदियातल्या विभागीय कार्यालयात तक्रारींसाठी एक फोन आहे. बोललेलं त्यात आपोआप नोंदलं जातं. त्यात एका पुरुषाचा आवाज होता, तोंडावर दुपट्टा धरून बोलल्यासारखा:

"जुनबोडीच्या शाखेत दुधरामचा नातू, थो हिमांशु, थ्याचं नवं खातं उघडलं. थो पोट्टा अमेरिकेत जलमला. अन् नीतू मॅडमनं लिवलं का थो इथंच जलमला, परदेशाशी काही संबंध नाही. काऊन लिवलं, थे इचारा तिले."

एवढंच. ना नाव, ना गाव.

दामिनी बँकेची तपास अधिकारी. शाखांच्या चुका शोधणं हे तिचं काम. चुका शोधणाऱ्याला सगळीकडे चहा मिळतो, माया कुठंच मिळत नाही, हे तिला आता पाठ झालं होतं. वरून हुकूम आला होता: संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. नीतूनं न विचारता खोटं लिहिलं असेल, तर नोकरी पक्की व्हायच्या आधीच तिला घरी पाठवा.

नीतूचं घर दरेकसा गावात. बाप जंगलात मजुरी करणारा. सात पिढ्यांत खुर्चीवर बसून पगार घेणारं माणूस त्या घरात हीच पहिली.

शाखेत दामिनी पोचली तेव्हा नीतूला काउंटरवरून उठवून कोपऱ्यातल्या कपाटाजवळ बसवलं होतं. रुसून माहेरी आलेल्या लेकीसारखी ती हातावर हात ठेवून बसली होती.

"खातं उघडताना विचारलं होतंस त्याला?"

"विचारलं होतं, मॅडम. जन्म कुठला, दुसऱ्या देशाचे नागरिक आहात का, दुसऱ्या कुठल्या देशात कर भरावा लागतो का. मी सगळ्यांनाच विचारते."

दामिनीनं कपाळाला हात लावला. एवढ्या शाखा ती फिरली, पण हे प्रश्न तोंडानं विचारणारं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं. माशी हाकलावी तसं कर्मचारी 'नाही, नाही, नाही' दाबून मोकळे होतात. बाजारात वांगी विकणाऱ्या बाईला कोण विचारणार, की बाई, तू अमेरिकेची का?

"नीतू, खोटं बोलू नकोस. हे कोणी विचारत नाही."

"मी विचारते."

"साक्षीला कोण आहे?"

नीतूचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही.

"कोणीच नाही, मॅडम. तुम्ही लिहा, काय लिहायचं ते. पण मी विचारलं होतं."

२

शाखेचा व्यवस्थापक हेमेंद्र. गोंदियाच्या व्यापारी घरातला, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि दोन्हींत गोड. याच वर्षी तो इथं बदलून आला होता. समोसे आले, चहा आला, पंखा दामिनीकडे वळला.

"देखो मॅडम, लडकी दिलकी अच्छी आहे. लेकिन काम? एक एक गिऱ्हाईक घेऊन बसते. तुमचा जन्म कुठला, तुमचा देश कोणता! लोग हसतात बाहेर. मी शिबिर लावलं, एका दुपारी इतके खाते उघडले, वरून शाबासकी आली. खात्यांवर दुसरी सही हिची लागते, और ही बाई मंजुरीच देत नाही. म्हणे, सर, सगळ्यांना परत बोलवा, विचारायचं राहिलं."

"आत्ता तुम्हीच म्हणालात, ती विचारते म्हणून."

हेमेंद्रनं समोशाची बशी पुढं सरकवली. मग हसला.

"दिखावा हो मॅडम. नेमकं जिथं विचारायचं तिथं विचारलं नाही ना!"

दामिनीनं त्याला आवाज ऐकवला. त्यानं डोळे मिटून, मान डोलवत, भजन ऐकावं तसा ऐकला.

"पक्का गाववाला. थो, थे, काऊन! मी तर जिंदगीत असं बोलू शकत नाही. बिसराम असेल. दुधरामचा भाऊबंद. तलावातल्या मासोळीवरून दोघांचं सालोसाल भांडण. गावात कोणालाही विचारा."

"आणि हिमांशु? तो कधी येतो का तुमच्याकडे?"

"मैं तो पहचानताही नहीं. फोनची भानगड झाली तेव्हाच नाव ऐकलं."

दामिनी उठली. समोसा तसाच राहिला. तिला आता दोनच गोष्टी हव्या होत्या. पोरगा कुठं जन्मला, आणि नीतूनं त्याला विचारलं की नाही. इतकी सोपी गोष्ट, मूठभर गाव. जेवणाच्या आत उरकेल, असं तिला वाटलं.

जुनबोडीत ती नवी होती, म्हणून असं वाटलं.

३

रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाची रोवणी चालली होती. गुडघाभर चिखलात बायका ओळीनं वाकलेल्या, हातातून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, सुटून मातीत अशी उभी राहत होती, जसे शाळेतली पोरं गुरुजींना पाहून उभी राहतात. गाणं चाललं होतं. दामिनीच्या गळ्यातलं बँकेचं ओळखपत्र दिसलं आणि पुढच्या बाईनं मधेच गाणं बदललं. साऱ्या ओळीनं हसत हसत ते उचललं:

*बँकेतल्या मॅडमले लागलं काय खूळ,*
*इचारते सुभद्रेले, कोण्या देशाचं मूळ?*
*जुनबोडीची मी सून, चिखलात माहे पाय,*
*कर भरतो चिखलाले, अमेरिकेले काय?*

"ही टिंगल माझी का?" दामिनीनं बांधावरून विचारलं.

"नाही वो बाई," गाणं रचणारी सावित्रीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "थे दुसरी, चष्म्यावाली. नीतू मॅडम. तुमच्यावर रचाचं असंल तर थांबा जरासक. चाल हायेच."

पुन्हा हशा. दामिनी चिडून पुढं निघाली. घाम, चिखल, डास, आणि वरून हे.

दुधरामचं घर पाळीला लागूनच. म्हातारा ओसरीवर सुतळी वळत होता. त्याच्या बायकोनं, सुभद्राबाईनं, पाण्याचा गडवा आदळलाच समोर.

"आली का आणखीन एक? इचार. तुमाले इचाराचाच पगार भेटते."

दामिनी पाणी प्यायली आणि शक्य तेवढ्या मऊ आवाजात सांगायला लागली.

"आजी, काही लोक एका देशात कमावतात आणि दुसऱ्या देशात नेऊन लपवतात. म्हणून देशादेशांनी आपसात ठरवलं. तुमच्या माणसाचं खातं आमच्याकडे असलं तर आम्ही कळवू, आमच्या माणसाचं तुमच्याकडे असलं तर तुम्ही कळवा. आता कोण कोणाचा, हे बँकेला तोंड पाहून कसं कळणार? म्हणून नवं खातं उघडणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं. संबंध नसेल त्यानं नाही म्हणायचं, झालं."

"मंग चोराले इचारा ना. आमाले कायले?"

"चोर कपाळावर लिहून येतो का?"

"अन् जलमाचं कायले पायजे?"

"अमेरिकेचा कायदा तसा आहे. त्यांच्या भूमीवर जो जन्मला तो त्यांचा नागरिक. मग तो जगात कुठं का राहीना, कमावता झाला की त्यानं तिकडं हिशेब द्यायचा."

"बाप्पा!" दुधरामनं सुतळी खाली ठेवली. "म्हंजे गाय आमची, चारा आमचा, अन् दुधाचा हिशेब थ्याइले?"

दामिनीला हसू आलं. पण हसायला वेळ कुठं होता?

"दादाजी, तुमचा मुलगा अमेरिकेत होता?"

"होता. कंपुटरच्या कामावर. सून संगंच होती. मंग परत आले. पोट्टा शाळेत जाऊन नाही राहिला होता अजून, अन् दोघंही गाडीच्या अपघातात गेले." म्हातारा एवढं सांगून तलावाकडे पाहत राहिला.

"आणि हिमांशु कुठं जन्मला?"

"इथं," दुधराम म्हणाला.

"इथंच," सुभद्राबाई म्हणाली. "या पाळीवर. अख्ख्या गावाले इचार. खोटं असंल तर माही जीभ झडो."

हिमांशु दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. नुकताच अठराचा झालेला, ओठांवर मिसरूड, डोळे जमिनीत. दामिनीनं त्याच्याकडे पाहिलं.

"तू सांग. नीतू मॅडमनी विचारलं होतं का तुला?"

तो आजीकडे पाहू लागला. मग दामिनीकडे. मग आत निघून गेला.

"हो, इचारलं होतं!" सुभद्राबाई ओरडली. "मलेच इचारलं!"

पण घरच्या माणसाची साक्ष अहवालात चालत नाही. नातवासाठी आजी सूर्यालाही पश्चिमेला उगवायला लावील. आणि पोरगा काहीतरी लपवत होता, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

४

बिसराम तलावाच्या काठावर जाळं उन्हात पसरत होता. काळाकुळकुळीत, रुंद, आवाज मोठा. दुधरामचं नाव घेतल्याबरोबर थुंकलाच.

"थ्या म्हाताऱ्याचं तोंड नोको दाखवू सकाळी सकाळी. मासोळी आमची अर्धी, अन् कब्जा थ्याचा पूरा."

दामिनीच्या मनात आलं, सापडला. तिनं सरळ विचारलं.

"बिसरामभाऊ, बँकेच्या कार्यालयात फोन तुम्ही केला?"

"कोणता फोन?"

"हिमांशु अमेरिकेत जन्मला म्हणून."

बिसरामनं जाळं खाली टाकलं. चेहऱ्यावरचा राग गेला, आणि तिथं निव्वळ नवल आलं.

"कोण म्हणते थो अमेरिकेत जलमला? थो इथं जलमला! दुधरामशी माहं भांडण हाये, पोट्ट्याच्या जलमाशी नाही. कोण्या हरामखोरानं म्हटलं?"

वैरी वैऱ्याची बाजू घेतो? दामिनीला वाटलं, आपलीच करणी झाकायला हा नाटक करतोय. आणखी थोडं बोलतं ठेवू, कुठंतरी घसरेल.

"तुमची मुलं किती?"

"एकच. रुची. ही काय, थे पाय ना, तलावात पोहून राहिली. तिचाही जलम इथलाच, या पाळीवरचा." मग तो बोलायच्या भरात आला. "काय सांगू बाई तुमाले, तिच्या वेळी कसे हाल! गोंदियाले दवाखान्यात नेऊन राहिलो होतो, रस्त्यात जीप बंद पडली. धक्के मारू मारू नेली. डॉक्टरीण म्हणे, आणखी उशीर झाला असता तर पोरगी हाती लागली नसती."

दामिनी हताश होऊन वळली. सगळे खोटं बोलतात. म्हातारा खोटं बोलतो, म्हातारी खोटं बोलते, पोरगा तोंड शिवून बसतो, आणि हा तर आपलंच खोटं आपणच विसरतो. एका श्वासात पोरगी इथं जन्मली, दुसऱ्या श्वासात गोंदियाला. निदान खोटं तरी नीट बोला रे!

पाळीवरून थोडं पुढं आली आणि तिचे पाय थांबले.

खोटं बोलणारा माणूस जपून बोलतो. बिसराम तर भरलेल्या ओढ्यासारखा वाहत होता. त्याला दोन्ही वाक्यांत काही विसंगत वाटलंच नव्हतं.

ती धावतच परत गेली.

"बिसरामभाऊ! तुमची बायको बाळंत कुठं झाली?"

"गोंदियाले. सांगतलं ना आत्ताच."

"मग रुची जन्मली कुठं?"

"इथं."

"कसं काय?"

बिसरामनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं दिवसा दिवा मागणाऱ्याकडे पाहावं.

"नाळ इथं हाये ना तिची. पाळीत."

आणि मग त्यानं सांगितलं, जसं पावसाचं सांगावं, तांदळाचं सांगावं, तसं सहज. हा तलाव ज्यानं बांधला तो मूळपुरुष दुसऱ्या मुलखातून आला होता. पाळ बांधून झाली तेव्हा लोक म्हणाले, तू इथला नाहीस, तुझी लेकरंही इथली नाहीत. पहिली बाळंतपणं तर माहेरी होतात, तुझी सून दुसऱ्या गावी बाळंत होईल, पोर त्या गावचं होईल. तेव्हा त्यानं नातवाची नाळ फडक्यात बांधून आणली, पाळीत पुरली आणि म्हणाला, आज हा जन्मला. तेव्हापासून जुनबोडीत कोणीही कुठंही बाळंत होवो, माहेरी होवो, दवाखान्यात होवो, वाळलेली नाळ पाळीत येते त्या दिवशी जन्म. हिमांशुची नाळ त्याच्या आईनं कुंकवाच्या करंड्यात घालून विमानातून आणली होती. अख्खं गाव पाळीवर जमलं होतं. बिसरामनंच खड्डा खोदला होता.

"म्हणजे त्याच्या आईचं बाळंतपण..."

"अमेरिकेले. आणखी कुठं? थे काय लपवाची गोष्ट हाये?"

"मग कोणी मला सांगितलं का नाही?" दामिनी जवळजवळ किंचाळली.

"तू बाळंतपणाचं इचारलंच कुठं? तू जलमाचं इचारलं!"

दामिनी पाळीच्या दगडावर मटकन बसली. म्हणजे गावात एकही माणूस खोटं बोलला नव्हता. आणि नेमकं म्हणूनच, तो फोन कोणी केला, हे तिला आता कळलं होतं.

५

दुपार कलती झाली तेव्हा शाखेत खुर्च्या कमी पडल्या. दुधराम, सुभद्राबाई, हिमांशु, बिसराम, चिखलाच्याच पायांनी आलेली सावित्रीबाई. कपाटाजवळ नीतू. आणि टेबलामागं हेमेंद्र, ज्याला हा सगळा जमाव अजिबात पसंत नव्हता.

"पहिली गोष्ट," दामिनी म्हणाली. "हिमांशुचा जन्म कायद्यानं अमेरिकेतला आहे."

"देखा!" हेमेंद्र म्हणाला.

"थांबा. दुसरी गोष्ट. नीतूनं विचारलं होतं. सावित्रीबाई, ते गाणं तुम्ही कधी रचलं?"

"सुभद्रामाय बँकेतून तणतणत आली ना, थ्याच दिवशी. पऱ्हे टाकून राहिलो होतो."

"पऱ्हे टाकले, म्हणजे रोपांसाठी धान पेरला तेव्हा. तक्रारीचा फोन आला तो रोवणी लागल्यावर. म्हणजे भानगड व्हायच्या किती तरी आधी हे गाणं शेताशेतांत पोचलं होतं. त्यात देशाचं मूळ आहे, अमेरिकेला कर भरण्याचं आहे. जुनबोडीच्या बांधीत परदेशाच्या कराचा विषय आपोआप उगवतो का? तो कोणीतरी विचारला म्हणून गाण्यात आला. आजींनी गावची रीत धरून खरं तेच सांगितलं आणि नीतूनं ते लिहिलं. अहवालाला घरची साक्ष चालत नाही, पण गावभर झालेली टिंगल चालते."

नीतूनं चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसली. बराच वेळ पुसत बसली.

"आता फोन," दामिनीनं आवाज लावला. *थो पोट्टा अमेरिकेत जलमला.* "बोली गावचीच आहे. म्हणून सगळे बिसरामभाऊंकडे बोट दाखवतात. पण बिसरामभाऊ, तुम्हाला दुधरामदादांवर सूड घ्यायचा असता तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"म्हटलं असतं, याची माय तिकडं बाळंत झाली," बिसराम म्हणाला. "जलमला कायले म्हणीन? खड्डा म्या खोदला."

"ऐकलंत? जुनबोडीचा माणूस वैरानंसुद्धा असं म्हणणार नाही. रागात नाही, दारूत नाही. हे वाक्य गावच्या बोलीत आहे, पण गावच्या समजुतीतलं नाही. बोली उसनी आणता येते, हेमेंद्रजी. समजूत आणता येत नाही."

हेमेंद्रच्या कपाळावर घाम आला. "मॅडम, ये क्या बात हुई? बाहेरचे लोग हजार आहेत!"

"बाळंतपण अमेरिकेतलं हे माहीत असलेला, नीतूनं काय लिहिलं हे माहीत असलेला, आणि जुनबोडीचा नसलेला पुरुष. हजारांतून किती उरतात? तुम्ही म्हणालात, या पोराला ओळखतही नाही. हिमांशु, साहेब तुला ओळखतात का?"

हिमांशुनं नीतूकडे पाहिलं.

"बोल गा," दुधराम म्हणाला. "कोणाच्या भेवानं चूप हायेस?"

"नीतू मॅडमच्या नोकरीच्या," पोरगा म्हणाला आणि मग एकदम सुटला. "मॅडमनी विचारलं तेव्हा आजीनं सांगतलं, मी चूप राहिलो. मंग मोबाईलवर तिकडचा कायदा वाचला, तर जीव थाऱ्यावर नाही राहिला. शाखेत आलो. मॅडम सुट्टीवर होत्या. मी सरांना म्हटलं, माही आई तिकडच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, कागद दुरुस्त करून द्या. सर म्हणाले, भूल जा. कोणाला सांगितलंस तर तुझ्या मॅडमची नोकरी जाईल. म्हणून मी कोणालाच नाही सांगतलं. तुमालेही नाही."

बाहेर एक बैलबंडी कुरकुरत गेली.

"तिनं माझं शिबिर अडवलं होतं!" हेमेंद्र एकाएकी उसळला. "सगळ्या खात्यांवर मी 'नाही' दाबलं, तर काय आसमान गिरा? कोण आहे इथं अमेरिकन?"

त्याच्या ते लक्षात यायला जरा वेळ लागला. साऱ्या खोलीनं हळूच हिमांशुकडे पाहिलं.

"एक तर आहे," दामिनी म्हणाली. "शिबिरात आणखी किती असतील, ते आता तुम्हाला कोणीतरी विचारील. तोंडानं."

६

अहवाल गेला. हेमेंद्र आपली पिशवी घेऊन गोंदियाच्या वाटेला लागला, कामावरून दूर, चौकशीच्या तोंडी. नीतू काउंटरवर परत बसली. इथंच संपलं असतं तर दामिनी सुखानं घरी गेली असती.

पण सुभद्राबाई दारातून हलत नव्हती.

"बाई, तू शिकली सवरली. एक सांग. नसतं इचारलं कोणी, तर काय बिघडलं असतं? पोट्टा आमचाच होता ना?"

दिवसभराच्या चिडचिडीनं दामिनीच्या जिभेला धार आली होती. पण म्हातारीनं चौकट घट्ट धरून ठेवली होती, ते तिला दिसलं. ती पायरीवर तिच्याजवळ बसली.

"आजी, मुलाच्या बापानं तिकडच्या आपल्या वकिलातीत त्याचं नाव लिहिलं होतं ना?"

"लिवलं होतं," मागून दुधराम म्हणाला. "म्हणून तर थो भारताचा."

"भारताचाच. पण तिकडचाही. आणि आपला कायदा म्हणतो, असा दोन्हीकडचा पोरगा मोठा झाला, अठरा पूर्ण झाले, की सहा महिन्यांच्या आत त्यानं तिकडचं नागरिकत्व सोडायचं. नाही सोडलं, तर इकडचं आपोआप जातं. घरी येऊन कोणी सांगत नाही. नोटीस येत नाही. नुसतं जातं."

सुभद्राबाईला समजायला वेळ लागला. समजलं तसा तिनं पदर तोंडाला लावला.

"नाळ पाळीत असून?"

"असून."

"अन् थो मुडदा... थो साहेब म्हणत होता, भूल जा?"

"हो."

आत हिमांशु नीतूच्या समोर बसला होता. मुदतीचं त्यालाही ऐकू गेलं होतं.

"अजून वेळ आहे का, मॅडम?"

"आहे," दामिनी म्हणाली. "उद्याच चांगला वकील गाठ. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, ते तुझं तू ठरव. ना आजी ठरवील, ना बँक."

"ठरवतो," पोरगा म्हणाला. "पण आता माहीत असून ठरवीन."

नीतूनं नवा कागद पुढं ओढला. चष्मा नीट केला. रांगेत उभ्या माणसांची चुळबूळ सुरू झाली. कोणीतरी पुटपुटलं, झालं, लागलं पुन्हा खूळ. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

"जन्म कोणत्या देशात झाला?"

हिमांशुनं दाराकडे पाहिलं. आजी उभी होती. सगळं गाव ज्या प्रश्नाचं उत्तर एका सुरात देत आलं, त्याचं दुसरं उत्तर तिच्यासमोर त्याच्या तोंडून निघेना.

सुभद्राबाईनं ते पाहिलं. तिनं डोळे पुसले, पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"सांग गा," ती म्हणाली. "मी आयकून नाही राहिली."